घरगुती काडतुसे

स्वस्तातली वस्तू शेवटी महागात पडते, असं आमचे वडील नेहमी म्हणायचे. पण ती नेमकी किती महागात पडते आणि कशी, याचा हिशेब त्यांनी कधी मांडून दाखवला नाही. तो समजायला घरात शाईचा प्रिंटर यावा लागतो.

आमच्याकडे तो आला तेव्हा ३२०० रुपयांना आला. डोंबिवलीच्या त्या दुकानदाराने खोकं माझ्या हातात देताना माझ्याकडे असं काही पाहिलं, की वधूपित्याने जावयाकडे पाहावं. यंत्र तुमचं झालं, आता जन्मभर पोसा, असा त्या नजरेचा अर्थ होता हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. कारण खोक्यातून जी शाई येते ती निव्वळ तोंडओळख असते. ओळख झाली की ती संपते.

खोक्यात दोन काडतुसं होती. एक काळं, एक रंगीत. कार्ट्रिजला मराठीत काडतूस म्हणतात. निदान मी म्हणतो. बँकेत चौतीस वर्षं ‘धनादेश’ आणि ‘धनाकर्ष’ लिहिल्यावर माणसाला ही खोड लागतेच. हा शब्द मी एकदा लोकलमध्ये मोबाइलवर जरा मोठ्याने वापरला. “दोन्ही काडतुसं रिकामी झालीत, आज रात्रीच भरायला हवीत,” एवढंच मी मेहुण्याला सांगत होतो. समोरच्या गृहस्थांना खरं म्हणजे दादरला उतरायचं होतं. ते ठाण्यालाच उतरले. शेजारचेही दोघे दाराकडे सरकले आणि आयुष्यात प्रथमच मला चौथी सीट पुरती मिळाली.

तर हिशेब. नवं काळं काडतूस ९०० रुपये. आत शाई किती? आठ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचेसुद्धा होत नाहीत. म्हणजे लिटरला १,१२,५०० रुपये! मी आकडा तीनदा करून पाहिला. बँकेतल्या सवयीने खालून वरही केला. रंगीत काडतूस त्याहून महाग. दोन्हींची जोडी दोनदा आणली, की तेवढ्यात नवा प्रिंटर येऊन वर चहा-भजी सुटतात. पेट्रोल महाग झालं म्हणून मोर्चे निघतात, पण शाईसाठी अजून एकही निघालेला नाही. कारण उघड आहे. मोर्चाची पत्रकं छापायची कशावर?

मेहुण्याने मग लॅमिंग्टन रोडचा मार्ग दाखवला. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना लोटला, पण त्या नावाने विचारलं तर ग्रँट रोड स्टेशनवर आपल्यालाच कुणीतरी पत्ता विचारतं. तिथे चार रंगांच्या चार बाटल्या मिळाल्या. प्रत्येकी १०० मिलिलिटर, प्रत्येकी १८० रुपये. लिटरला १८०० रुपये झाले. मूळ भाव साठपटीहून जास्त होता! त्या दिवशी बाटल्या मांडीवर घेऊन परत येताना मला जे समाधान लाभलं, ते निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मांडीवर घेतल्यावरही लाभलं नव्हतं.

काडतूस भरणं ही कृती लोक समजतात तशी नाही. लोकांना वाटतं, सिरिंज टोचली की झालं. अहो, आत स्पंज असतो. त्यात शाई ओतायची नसते, त्याला ती पिऊ द्यायची असते. पूर्वी तान्ह्या मुलाला बोंडल्याने दूध पाजत, अगदी तसं. वरचं लेबल नखाने अलगद सोलायचं. खाली भोकं दिसतात. रंगीत काडतुसात कुठल्या भोकात कुठला रंग, हे पाठ करून उपयोग नाही. दात कोरायची काडी घालून बाहेर काढायची आणि रंग बघायचा. मग सुई आत, आणि अंगठा इतका सावकाश खाली, की मधे हिची तीन वाक्यं ऐकून व्हावीत. घाई केली की बाळ ओकतं. पोट भरल्यावर ढेकर काढावी लागते, कारण हवेचा बुडबुडा अडकला तर शाई तोंडाशी येतच नाही. शेवटी ओल्या मऊ फडक्याने तोंड टिपायचं, बाजूच्या तांबूस पट्ट्यांना बोट न लावता. आणि पार उपाशी मात्र ठेवायचं नाही. या जातीच्या काडतुसाच्या तोंडाशी बारीक बारीक शेगड्या असतात, आणि त्या थंड राहतात त्या शाईमुळेच. कोरड्या पेटल्या की जळतात.

शेगड्या हा माझा अलंकार नव्हे. क्षणाच्या काही दशलक्षांश भागात शाई तापते, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. ही युक्ती सुचली कशी ते ऐकण्यासारखं आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला एकाचं तापलेलं सोल्डरिंगचं अवजार चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली. म्हणजे बघा, या यंत्राचा जन्मच मुळी सिरिंजच्या पोटी झालेला! आणि आज हीच मंडळी माझ्या हातात सिरिंज दिसली की नाकं मुरडतात.

आमच्या पिढीला यात नवं असं काही नाही. घरात सतरंजीवर जुनं वर्तमानपत्र पसरून सगळ्यांची पेनं भरणं हा रविवार संध्याकाळचा कार्यक्रमच असे. ड्रॉपर वडिलांच्या हातात. आटे सैल झालेल्या पेनाला दोरा गुंडाळायचा आणि खिशाला निळा नकाशा उमटला की आईच्या समोरून हळूच निसटायचं. मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईची पूड आणि वड्या काढल्या. वडी पाण्यात टाकली की शाई तयार. पुढे घोड्याचा उंट झाला आणि कॅमल व इंक मिळून ‘कॅम्लिन’ हे नाव झालं. त्याच्याही आधी पोथ्या लिहिणारे दिव्याची काजळी डिंकात खलून घरीच शाई करत. आजच्या काळ्या काडतुसात पुष्कळदा जो कार्बन असतो, तो म्हणजे तीच काजळी, फक्त इंग्रजी शिकून आलेली. मग ती घरी भरली तर एवढं बिघडतं कुठे?

प्रिंटरचं मत निराळं आहे. भरलेलं काडतूस बसवलं की पडद्यावर सूचना येते: शाई संपली आहे. अरे बाबा, आत्ताच पोटभर पाजली! पण त्याला आत डोकावता येत नाही. तो फक्त उडवलेले थेंब मोजतो. एक थेंब दोन पिकोलिटरचा धरला तर मिलिलिटरमध्ये ५० कोटी थेंब होतात. ते मोजणाऱ्या या विद्वानाला बाटलीतून आलेली शाई मात्र दिसत नाही. आमच्या बँकेत असे एक ऑडिटर होते. तिजोरीतली नोट हातात दिली तरी म्हणायचे, “वहीत नाही, म्हणजे नाही.” सुदैवाने आमच्या यंत्राचं एक बटण पाच सेकंद दाबून धरलं की ते गप्प बसतं. ऑडिटरांना तसं बटण नव्हतं.

कायदाही आता थोडा माझ्या बाजूला झुकला आहे. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की काडतूस एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. कुणी ते भरून पुन्हा विकलं तर कंपनीला पेटंटच्या जोरावर अडवता येणार नाही. खटला लेसर प्रिंटरच्या काडतुसांचा होता, पण मी आनंदाने श्रीखंड आणलं. ही म्हणाली, “ते न्यायालय माझा टेबलक्लॉथ धुवायला येणार आहे का?” शिवाय एप्सनने तर २०१० साली इंडोनेशियात बाटलीने शाई ओतायच्या टाकीवाले प्रिंटर स्वतःच विकायला काढले. म्हणजे आम्ही जे चोरून करत होतो ते राजमान्य झालं. शेजारचे गृहस्थ मला कधीपासून सांगताहेत, तसला प्रिंटर घ्या म्हणून. पण त्याची किंमत चौपट. आणि चालतं यंत्र टाकून द्यायचं म्हणजे काय?

याच गृहस्थांनी मागच्या वर्षी एका रात्री साडेदहाला बेल वाजवली. मागे त्यांची मुलगी. सकाळी तिची प्रवेशपरीक्षा, प्रवेशपत्रावर फोटो रंगीत हवा, आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला लग्नाला गावी गेलेला. ही मुलगी दोन वर्षं आमच्या गॅलरीत बसून अभ्यास करत होती. त्यांच्या दीड खोलीत माणसं पाच आणि टीव्ही एक. पहाटे दूध घ्यायला दार उघडावं तर गॅलरीतला दिवा चालूच असायचा.

कागद बाहेर आला. फोटोतली मुलगी जांभळी! पिवळा रंग संपला होता. तो कुठे गेला ते मला ठाऊक होतं. हिच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची साठ निमंत्रणं, आणि प्रत्येकाला चारी बाजूंनी झेंडूची माळ. पण ती वेळ ते काढण्याची नव्हती.

मी सिरिंज घेतली. गृहस्थ म्हणाले, “आता हे करत बसणार?” त्यांचा आवाज कापत होता. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही बसा. काका, मी बॅटरी धरते.” तिने दोन वर्षं हा विधी पाहिलेला, तिला घाईचं काय होतं ते माहीत होतं. दोन मिलिलिटर पिवळी. अंगठा सावकाश. कुणी बोलेना, हीसुद्धा.

पहिल्या प्रतीत पिवळे पट्टे उमटले. बुडबुडा होता. काढला. दुसऱ्या प्रतीत मुलीला कावीळ. गृहस्थ देवाच्या कोनाड्यासमोर जाऊन उभे राहिले. तिसरी प्रत सव्वाअकराला बाहेर आली आणि तिच्यात ती मुलगी होती, अगदी तिच्या रंगाची, झोप न झालेल्या डोळ्यांसकट. जादा म्हणून आणखी एक काढली. माझी दहाही बोटं पिवळी झालेली पाहून ही म्हणाली, “चला, पुन्हा एकदा हळद लागली तुम्हाला!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली. पेपर बरा गेला होता. मी विचारलं, “आणि फोटो? काही म्हणाले का?”

“फोटो कुणी बघितलाच नाही, काका. त्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनावर मशीन धरलं आणि आत सोडलं.”

काळं काडतूस तर आदल्या रविवारीच गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

तिच्या आईने वाटीभर शिरा पाठवला होता. पिवळाधमक, केशर घातलेला. मी चमचा शोधत होतो, तर ही आतून म्हणाली, “सिरिंज देऊ का?”