‘माहीत नाही’ म्हणजे शून्य नव्हे

हिंजवडीतील ज्या कंपनीत मी काम करते, तिथे डेटाबेस डेव्हलपरची जागा निघाली की उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे येते. आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली बी.सी.ए. किंवा इंजिनिअरिंग करून अशा मुलाखतींना जातात. घरी वाट पाहणाऱ्या अम्मी-अब्बांना मात्र आत नेमके काय विचारतात याची कल्पना नसते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

डेटाबेस म्हणजे एकमेकींशी जोडलेल्या नोंदवह्या. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्यातली नोंद, सगळे अशा तक्त्यांतच असते. या मांडणीचा पाया एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली घातला. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. मुले ती क्लासमध्ये शिकतात आणि ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार कोणाचा?’ अशा ठरावीक प्रश्नांची उत्तरे पाठ करून येतात.

म्हणून मी रोजच्या जगण्यातला प्रश्न विचारते. एका सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत. एका तक्त्यात फ्लॅटचे नंबर, दुसऱ्यात या महिन्यात जमा झालेला मेन्टेनन्स. कोणी भरलेला नाही, त्यांची यादी काढा. बहुतेक जण लिहितात, ज्याचा नंबर दुसऱ्या तक्त्यात नाही तो दाखव. एसक्यूएलमध्ये ‘नॉट इन’. दिसायला बिनचूक! पण एक रक्कम फ्लॅट नंबर न लिहिताच जमा झालेली असते. त्या जागी ‘नल’ असते. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे ‘माहीत नाही’. मग ज्याचा भरणा सापडत नाही अशा प्रत्येक फ्लॅटपाशी संगणक अडतो. ही निनावी रक्कम याचीच तर नसेल? खात्री नाही, म्हणून तो एकालाही यादीत घालत नाही. यादी रिकामी येते, जणू सगळ्यांनी पैसे भरले!

पहिलीच नोकरी शोधणारी एक मुलगी इंग्रजीत अडखळत होती. मी म्हटले, “मराठीत सांग, चालेल.” रिकामी यादी पाहून ती म्हणाली, “मॅडम, चाळीसच्या चाळीस घरांनी वेळेवर भरले, हे पटत नाही. मूळ नोंदी बघू का?” तिने नोंदी पाहिल्या, नल शोधला आणि ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून यादी दुरुस्त केली. बाकीचे इथे थांबतात. ती पुढे म्हणाली, “पण ही यादी नोटीस बोर्डावर लावू नये. ज्याने पैसे भरले पण नंबर लिहिला नाही, त्याचेही नाव यात थकबाकीदार म्हणून आले आहे.”

मला हवे होते ते हेच. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कोणाची तरी अमानत आहे, हे ज्याला कळते त्याच्या हाती नोंदी सोपवता येतात. ती मुलगी आज आमच्याकडे आहे.

‘माहीत नाही’ची जागा खोट्याने भरली की काय होते, हे महाराष्ट्रात घरोघरी दिसते. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकत. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो. रिकामी जागा निदान सांगते की इथे माहिती नाही. खोटी तारीख तेही सांगत नाही.

अर्जातला खोटा अनुभव तसाच असतो. एका मुलाच्या अर्जावर तीन वर्षांचा अनुभव होता, बोलणे अस्खलित. मी विचारले, “या तीन वर्षांत तुझ्या हातून बिघडलेले एखादे काम सांग.” ज्याने खरोखर काम केले आहे, त्याच्याकडे असे दहा किस्से असतात. हा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “अनुभव क्लासवाल्यांनी लिहून दिला. फीसाठी अब्बांनी कर्ज काढले आहे.”

जागा अनुभवी माणसाची होती, त्याला ती देता येणार नव्हती. मी एवढेच सांगितले की कंपन्या जुन्या नोकरीची चौकशी करतात, आणि रुजू झाल्यानंतर खोटे निघाले तर नोकरीही जाते आणि नावही. त्या ओळी काढून टाक आणि शिकाऊ जागांसाठी अर्ज कर.

पालकहो, अनुभवाचा कागद देऊ म्हणणाऱ्या क्लासपासून मुलांना दूर ठेवा. डेटाबेसचा सराव करायला पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल इंटरनेटवर मोफत मिळते. घरखर्चाची वही, मोहल्ल्यातल्या लायब्ररीची पुस्तके, काहीही तक्त्यात मांडू द्या आणि त्याला प्रश्न विचारू द्या. मुलाखतीत एखादे उत्तर येत नसेल तर सरळ म्हणू द्या, “हे मला माहीत नाही, पण शोधायचे झाले तर मी इथून सुरुवात करीन.” या वाक्याला माझ्या कागदावर शून्य गुण कधीच पडत नाहीत.