मुंडकाराचे घर आणि नरोलीची झोपडी

नरोलीचे नाव काढले की जाणत्या वाचकाला 28 जुलै 1954 हा दिवस आठवतो. भर पावसाळ्यात त्या दिवशी हे गाव पोर्तुगीज अमलातून सुटले. दादरा त्याआधीच्या आठवड्यात सुटले होते. सिल्वासा 2 ऑगस्टला सुटले. आम्हां वकील मंडळींची दृष्टी मात्र कोती. माणूस सुटला की आमचा खटला संपतो. प्रदेश सुटला की खटले सुरू होतात.

कारण राज्य गेले तरी राज्याने दिलेली अल्वारापत्रे जात नाहीत. या पत्रांवर मोठमोठ्या जमिनी लागवडीसाठी दिल्या गेल्या होत्या आणि त्या कसणारे वारली, धोडिया, कोकणा होते. 1971च्या जमीनसुधारणा नियमावलीने ती पद्धत मोडली. कसणाराला त्याचा हक्क मिळाला. पण जो कसत नव्हता, नुसता राहत होता, त्याचे काय? दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला कुडाची भिंत उभारून, ती शेणाने सारवून ज्याने तीन पिढ्या काढल्या, त्याचे नाव कुळाच्या रकान्यात लागण्याचे कारणच नव्हते.

आज हा प्रश्न घराच्या रूपाने पुढे येतो. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. घर किमान 25 चौरस मीटरांचे, त्यात चूल मांडण्याची जागा धरलेली. रक्कम हप्त्याहप्त्याने बँकेच्या खात्यात येते, बांधकामाची छायाचित्रे जागेच्या खुणेसह घ्यावी लागतात. घर पत्नीच्या किंवा उभयतांच्या नावे करावे, हे कलम आम्हांला सर्वांत शहाणपणाचे वाटते. लाभार्थ्यांच्या यादीची छाननी ग्रामसभेने करावयाची. सारे उत्तम, परंतु पाया ज्या मातीत खणावयाचा ती माती कोणाची?

आमच्याकडे आलेल्या एका विधवा बाईने हे फार थोडक्यात सांगितले : ‘‘नाव आलंय, जागा नाय.’’ भूमिहीनाला राज्याने जागा द्यावी असे योजनेचे नियम सांगतात खरे. पण भोवती कारखाने वाढले, जमिनीला सोन्याचा भाव आला. मोकळा तुकडा आता कोण सोडतो? बाईच्या झोपडीचा जमीनमालक भला गृहस्थ आहे. राहा म्हणतो, लिहून मात्र देत नाही. पक्की भिंत उभी राहिली की ती उद्या पुरावा होईल, हे त्याला आमच्याइतकेच कळते.

गोमंतकीय वाचकाला यात काही नवे वाटणार नाही. भाटकाराच्या भाटात राहणाऱ्या मुंडकाराची हीच कथा होती. 1975 साली त्याला हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही त्याला मिळाला. त्या कायद्याच्या नावात गोवा होते, दमण होते, दीवही होते. नगर हवेली नव्हती, कारण ती तेव्हा निराळा प्रदेश होती. 2020 साली दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली यांचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. मग मुंडकाराचे तत्त्व दमणगंगेच्या वरच्या अंगाला का पोचू नये, असे आम्ही विचारतो.

यात आणखी एक गंमत आहे. 2011च्या जनगणनेने नरोलीला शहरात गणले, तेव्हा कारभार मात्र ग्रामपंचायतीचा होता. ग्रामीण गृहनिर्माण हा संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतील दहावा विषय. पण अनुच्छेद 243-छ म्हणतो, पंचायतीला असे अधिकार ‘देता येतील’. द्यावेतच, असे म्हणत नाही. आणि चाळीतील एका खोलीत भाड्याने राहणारा परप्रांतीय कामगार गावच्या यादीत सहसा नसतोच. त्याच्याविषयी निराळे लिहावे लागेल.

तूर्त बाईचा अर्ज आम्ही गावठाणातील जागेसाठी केला आहे. सोबत जोडावयास कागद फारसे नव्हते. घरपट्टीच्या जुन्या पावत्या तेवढ्या तिने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.