भायखळ्याचं संग्रहालय आणि रोहिणखेडचा शिलालेख

मुंबईला गेलेले आपले लोक हाजी अली, माहीमची दर्गाह आणि चौपाटी करून परततात. भायखळ्याला राणीच्या बागेत गेले तरी जनावरं पाहतात. बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे कुणी फारसं वळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन शिक्षक कुटुंबं मलकापूरहून गाडीत बसलो ते मुद्दाम त्यासाठीच. (बुधवारी ते बंद असतं, हे ध्यानात ठेवावं.)

या बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊ आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, सिंदखेड राजाच्या लेक. त्यामुळे फाटकाशीच मुलांची मान ताठ झाली.

संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं. 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. ते डॉक्टर होते, पण जुने शिलालेख आणि नाणी वाचण्याचा त्यांना भारी नाद. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या बाहुल्या आहेत: नाना जातीजमातींचे, नाना धंद्यांचे लोक. आमच्या घरच्या मंडळी पगड्या आणि टोप्या ओळखण्यात इतक्या रमल्या की जोहरची वेळ होत आली तरी हलेनात. इथे मुलांसाठी कार्यशाळा होतात, माहिती सांगत फिरवून आणतात, आणि आजचे चित्रकार जुन्या वस्तूंना जोडून आपली प्रदर्शनं मांडतात. खरं सांगायचं तर त्या नव्या कलेतलं बरंचसं आमच्या डोक्यावरून गेलं. पण शहर आपल्याच मुलांना आपली ओळख करून देतं, ही रीत फार आवडली.

परतीच्या गाडीत विषय एकच. आपल्याकडे काय कमी आहे? लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं, असं अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवलं. साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाला हरवलं. हैदराबादचं राज्य उभं राहिलं ते त्यानंतर. आणि मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड! तिथली मशीद खुदावंद खान महदवीने हिजरी 990 मध्ये, म्हणजे 1582 साली बांधली. तिच्यावर फारसी शिलालेख आहे.

सुट्टी संपल्यावर आठवीच्या वर्गाला तिथे नेलं. फारसी मुलांना येत नाही, पण लिपी तर उर्दूचीच. दगडात अक्षरं एकमेकांत गुंतलेली. तरी एका मुलीने अलिफ, मीम, दाल बोटाने दाखवायला सुरुवात केली आणि मग सगळा वर्ग तिथेच खिळला. गावातली मुलं रोज याच दगडाखालून येतात-जातात. तो वाचणारी पिढी संपली, तर उद्या तो नुसता दगड उरेल.

19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. त्यात शाळेच्या व्हरांड्यात प्रदर्शन मांडतो आहोत: रोहिणखेड आणि साखरखेर्ड्याचे फोटो, घराघरांतले जुने निकाहनामे, दादीचं पानदान, नानांची नाणी. पाट्या मराठी आणि उर्दू, दोन्हींत. वस्तू देणाऱ्याला पावती मिळेल आणि सप्ताह संपताच वस्तू घरपोच केली जाईल. कालपर्यंत अकरा पानदानं आली आहेत, निकाहनामा एकच.