खारपाण पट्ट्यातील नाव

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास संग्रामपूर तालुका आहे. वर सातपुडा व अंबाबरव्याचे अभयारण्य, खाली पूर्णा नदी, आणि या दोहोंच्या मध्ये काळ्याभोर चिकण जमिनीची सपाटी. ही पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवापाशी तापीस मिळते. नदी जवळ, तरी पाण्याचे दुर्भिक्ष जन्माचे. कारण हा खारपाण पट्टा. विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही आणि त्यात डाळ धड शिजत नाही. म्हणूनच वान धरणावरून संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील १४० गावांसाठी नळयोजना आखावी लागली. अशा मुलखात कोणी घरी नाव बाळगतो म्हटले, तर ऐकणारा हसणारच.

परंतु जुलै २०२३ मध्ये या दोन तालुक्यांवर असा पाऊस कोसळला, की नदीनाल्यांनी पात्रे सोडली आणि गावांस पाण्याचा वेढा पडला. येथील चिकण माती पाणी लवकर मुरू देत नाही. पूर ओसरला तरी सखल शिवारात ते साचून राहते. त्या वेळी छपरावर अडकलेल्यांपर्यंत पोहोचण्यास आमच्या आळीत लाकडाचा साधा तराफाही नव्हता. त्याच दिवाळीत आमच्या वडीलबंधूंनी एका तलावावरील मच्छीमारांकडून टाकाऊ झालेली चौदा फुटी फायबरची नाव विकत घेतली व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंगणात आणून पालथी घातली. "आता घरात समुद्र आणा," एवढेच आजी म्हणाली.

फायबर म्हणजे काय, हे वऱ्हाडातील माणसास समजावणे कठीण नाही. मातीत गवताचा भुसा कालवून आपण भिंत घालतो. माती आकार धरते, भुसा तिला तडकू देत नाही. येथे भुशाच्या जागी काचेचे तंतू व मातीच्या जागी रेझिन, इतकाच भेद. या काचेची महती थोडी नव्हे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'चा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असून त्यावर काचेच्या कापडाचे व रेझिनचे कवच आहे. तीच नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आमच्या नावेची परीक्षा दादांनी कानाने केली. हातोडीच्या दांड्याने तसूतसूवर ठोकत जावयाचे. खणखणीत आवाज आला तर अंग निरोगी, बद्द आला तर आतले थर सुटलेले. मागच्या बाजूस, जेथे इंजिन बसवितात, सर्वत्र बद्द आवाज येई. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपून आतले प्लायवूड कुजून काळे पडले होते. ते सारे खरवडून काढले आणि वैशाखाचे ऊन महिनाभर खाऊ दिले. ओल्या अंगावर रेझिन धरत नाही, तेव्हा या कामी आमच्या उन्हाचा प्रथमच उपयोग झाला म्हणावयाचा.

पण तेच ऊन पुढे वैरी झाले. रेझिनमध्ये शेकडा एक-दोन भाग हार्डनर घातला की ते गोठू लागते, आणि उष्म्यात तर भांड्यातच धुरावून दगड होते. म्हणून पहाटे चारला उठून, वाटी-वाटीने कालवून काम उरकावे लागे. तडा जेवढा खोल, त्याच्या बारा पट लांब उतार दोन्ही अंगांस घासून घ्यावयाचा, म्हणजे नव्या थरांस धरावयास जागा मिळते. हा उतार टाळून नुसती लांबी भरणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ती डागडुजी एका हंगामाचीही नसते.

खरी अडचण निराळीच होती. वैशाख हाच कुरडया-पापडांचा महिना, आणि अंगण एकच! घासताना उडणारी काचेची धूळ अंगास खाजवते. ती वाळवणावर पडली तर काय, या विचाराने काकूंनी एके दिवशी ग्राइंडरची तारच काढून ठेवली. अखेर आजीने निवाडा दिला : सूर्योदयापूर्वी अंगण नावेचे, नंतर ते धुऊन वाळवणाचे, आणि तोंडास फडके न बांधता घासणारास चहा नाही. रेझिनच्या उग्र दर्पाने तुळशीवृंदावन मात्र परसात हलवावे लागले, याची तिला अजून रुखरुख आहे.

मृगाच्या आधी शेजारच्या शेततळ्यात नाव सोडली. दादांनी पाच जणांस आत बसवून तासभर तिच्या तळास हात लावून पाहिला. तळ कोरडा होता. वाहत्या पुराच्या ओढीत ती घालावयाची नाही, ते काम शिकलेल्या पथकांचे; साचल्या पाण्यातून म्हातारी-पोरे काढण्यापुरतीच तिची योजना. सध्या ती गोठ्याच्या पडवीत दोन ओंडक्यांवर आहे. वल्ही, दोर व केशरी जाकिटे वर खुंटीस टांगलेली आहेत, आणि जाकिटांस उंदीर लागू नयेत म्हणून आजी दर शनिवारी ती उन्हात घालते.