दादांचा प्रश्न

वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वर बेतलेलं, १९५४ साली मुंबई मराठी साहित्य संघाने रंगभूमीवर आणलेलं, नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे प्रमुख भूमिकांत, एवढं पाठ होतं. नायकाबद्दलचं मतही गाईडातलंच : माणूस मुळात सज्जन, बायकोने बिघडवला.

ते मत मी लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीत बसलेल्या दादांना ऐकवलं. दादा गिरणीत साचेखात्यात होते. शाळा जेमतेम चौथी. पण नाटकाचं वेड दांडगं. 'राजमुकुट' त्यांनी तरुणपणी पाहिलेलं. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "खुनाआधी तो कचरतो ना? मग पापाला भितो की पकडलं जाण्याला, ते सांग."

मला सांगता येईना.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी मूळ 'मॅकबेथ'मधला तो प्रवेश शब्दाशब्दाने लावला. आत राजाचं जेवण चाललंय आणि यजमान पंगतीतून उठून एकटाच बाहेर आलाय. त्याच्या मनात पहिल्यांदा येतो तो हिशेब : एका घावात सगळं निभावलं असतं तर परलोकाचीही पर्वा केली नसती, पण इथेच फेड करावी लागते, आपण दाखवलेली वाट उद्या दुसरा आपल्यावरच चालवतो. राजा आपला आप्त, आपला धनी, आज आपल्या छपराखालचा पाहुणा, हे सुचतं त्यानंतर. राजाचा चांगुलपणा तर आणखी मागाहून. आणि एवढा विचार करून घेतलेली माघार बायकोच्या टोमण्यांपुढे काही क्षणांत विरते. गाईडाने मला हा क्रम कधी दाखवला नव्हता. दादांनी एका प्रश्नात दाखवला.

पुढे चाळ पुनर्विकासाला निघाली. मी समितीचा चिटणीस. दादा तोवर गेले होते. खोलीची भाडेपावती त्यांच्याच नावावर राहिलेली, त्यामुळे भाडेकरूंच्या यादीत त्यांच्या बायकोचं, काकींचं, नाव नव्हतं. यादी आहे तशी पुढे जाऊ द्या, तुमची खोली मोठी करून देऊ, असं बिल्डरचा माणूस सुचवून गेला. रात्री झोप लागेना. सही का करू नये, ते कागदावर लिहीत गेलो. कोणी तक्रार केली तर? सही माझीच सापडेल. मुलाच्या सरकारी नोकरीला झळ लागेल. काकी चौथ्या आल्या.

सही केली नाही. यादी दुरुस्त झाली, चाळीत माझ्या सचोटीचं कौतुक झालं. ते मला पेलेना. शेवटी तो कागद घेऊन काकींकडे गेलो आणि चारही कारणं वाचून दाखवली. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "चौथी तर चौथी. पण नाव बरोबर लिहिलंय ना? मागे रेशनकार्डावर चुकवलं होतं."