तुटलेली तार

पेडण्याच्या खाऱ्या, दमट हवेत तंबोऱ्याची पोलादी तार फार दिवस टिकत नाही. घोडीपाशी आणि खुंटीच्या वेढ्यांत गंज धरतो व सूर लावताना तार नेमकी तेथेच तुटते. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्यातील जोडाची एक तार गेल्या श्रावणात तुटली. एकीचा ताण नाहीसा झाला, की दांडी किंचित सैलावते आणि उरलेल्या तिन्ही तारा चढतात. नवी तार तर काही दिवस उतरतच राहते. तिला पुनःपुन्हा लावून घ्यावे लागते.

थोरले बंधू निवर्तल्यावर आमच्या घरातही आवाज असेच चढले. त्यांच्या जागी आता पुतण्या कारभार पाहतो. तो सुरात स्थिरावेपर्यंत आम्हां तिघा काकांनी थोडे उतरून घ्यावे. घराचा षड्ज त्यातच टिकेल.