शेवटची खबर किती वाजताची?

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी द्वारकेला घरी गेलो, तेव्हा दिल्ली नुसती भाजत होती. सकाळचा फॉल-इन नाही, संध्याकाळचे ग्राउंड नाही आणि दुपारी बाहेर पडायची सोय नाही. म्हणून शाळेच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबमध्ये शिकलेले वापरून घरचे हवामान केंद्र करायचे ठरवले. सामान थोडेच लागले. एक ईएसपी ८२६६ बोर्ड, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई २८० सेन्सर, बाबांचा जुना लॅपटॉप आणि दिवाणखान्यात ठेवायला एक छोटा पडदा. आमचे घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. गच्चीवरचा बोर्ड दर मिनिटाला वायफायवरून लॅपटॉपला आकडा कळवणार आणि लॅपटॉप तो पडद्यावर दाखवणार, अशी रचना होती.

सेन्सरवर थेट ऊन पडले तर तो हवेचे नाही, स्वतःचेच तापमान सांगतो. वेधशाळेत त्यासाठी पांढरी, झडपांची स्टीव्हन्सन पेटी असते. ती तयार करणारे थॉमस स्टीव्हन्सन हे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या लेखकाचे वडील, हे मला तेव्हाच कळले. मी आईच्या कुंड्यांखालच्या पांढऱ्या बशा उलट्या करून एकावर एक रचल्या आणि काम भागवले. आईने दोन दिवस त्या बशा शोधल्या.

२९ मे रोजी बातमी आली की दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश तापमान नोंदले गेले. राजस्थानातल्या फलोदीचा २०१६ सालचा ५१ अंशांचा देशातला उच्चांकही मोडला म्हणून सगळीकडे गलका झाला. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होते आणि आमचा पडदाही ४६ च्या आसपास दाखवत होता. दुसऱ्या दिवशी तर नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले! हवामान खात्याने मुंगेशपूरला पथक पाठवून प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिले, तेव्हा तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त सांगत असल्याचे आढळले. नागपूरच्या आकड्यामागेही सेन्सरचाच दोष निघाला. मी मात्र फुशारलो. सरकारी सेन्सर चुकला आणि माझा बशांखालचा बरोबर निघाला, हे मी सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगितले.

जूनमधली एक सकाळ. माझे आजोबा सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे साताऱ्याकडचे, आता आमच्याकडेच असतात. त्यांना उन्हाचा त्रास होतो, म्हणून आईने नियम केला होता की पडद्यावर ३५ च्या वर आकडा असला तर घराबाहेर पडायचे नाही. त्या दिवशी साडेनऊ वाजता पडद्यावर ३१.४ होते. “एकतीस म्हणजे आपल्या साताऱ्याचीच हवा की,” असे म्हणत ते पिशवी घेऊन भाजीला गेले. मी झोपलो होतो.

पावणेअकराला गेटवरच्या गार्डचा फोन आला. आजोबा खुर्चीत बसले होते, चेहरा लालबुंद आणि हात थरथरत होते. गार्डने त्यांना पाणी पाजून मानेवर ओला रुमाल ठेवला होता. घरी आणून पंख्याखाली निजवले, मीठ-साखरेचे पाणी दिले. तासाभराने ते नीट बोलू लागले, पण तोवर आई माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. पडद्यावर अजूनही ३१.४ च होते.

मी गच्चीवर धावलो. बोर्डाचा चार्जर मी प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवला होता. तो तापून बंद पडला होता. नोंदवहीत पाहिले तर शेवटचा आकडा पहाटे ५ वाजून ३८ मिनिटांचा. त्यानंतर लॅपटॉपला काहीच आले नव्हते आणि नवे काही आले नाही तर काय करायचे हे मी त्याला शिकवलेच नव्हते. म्हणून तो जुनाच आकडा धरून बसला होता.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “ही शेवटची खबर किती वाजताची होती?”

पडद्यावर वेळ नव्हतीच. मग त्यांनी चौकीवरच्या रेडिओ सेटबद्दल सांगितले. ठरल्या वेळी समोरच्या चौकीला हाक द्यायची. उत्तर आले तर वेळेसह लॉगमध्ये लिहायचे आणि नाही आले तर ‘नथिंग हर्ड’ असे तेही वेळेसह लिहायचे. “काही ऐकू आलं नाही, ही पण खबरच असती रं. कोरी ओळ सोडली की आमचा साहेब सोलून काढायचा.”

मुंगेशपूरचा सेन्सर बोलत होता, पण चुकीचे. माझा गप्प झाला होता आणि त्याचे जुने बोलणे आम्ही ताजे समजून ऐकत होतो. मला दुसरी गोष्ट जास्त वाईट वाटते. ५२.९ बघून कोणीही दचकते, ३१.४ बघून कोणी दचकत नाही.

उरलेली सुट्टी मी आकड्यापेक्षा जोडणीवर खर्च केली. एमक्यूटीटी नावाची निरोप पाठवायची पद्धत आहे. १९९९ मध्ये ती तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार झाली. तिच्यात उपकरण जोडले जातानाच आपले मृत्युपत्र ठेवून देते: माझा आवाज बंद झाला तर सगळ्यांना हे कळवा. आता बोर्ड गप्प झाला की लॅपटॉप लगेच पडद्याला सांगतो. पण लॅपटॉपच बंद पडला तर? म्हणून पडद्याच्या प्रोग्रामातही मोजणी घातली. सलग तीन मिनिटे काही आले नाही की आकडा पुसून चार रेघा येतात. आकड्याखाली ‘१ मिनिटापूर्वी’ असे वय दिसते आणि कोपऱ्यात वायफायचा जोर. वजा ५० म्हणजे खणखणीत, वजा ९० म्हणजे गेल्यात जमा. स्लॅबमधून येताना आमचा वजा ७८ असतो. चार्जर आता जिन्याच्या सावलीत आहे.

रविवारी शाळेतून घरी फोन लागला की आजोबा आधी तिथला अहवाल देतात. मागच्या वेळी म्हणाले, “काल लाईट गेली होती, चार रेघा आल्या. मग गॅलरीत जाऊन हात बाहेर काढून बघितला आणि घरातच बसलो.”